अर्धा सेकंद उशिरा

सिउदाद देल एस्ते. पुलापासून तिसरी गल्ली,
तळघर, काउंटर नंबर नऊ.
अकरा वर्षं इथे उभी राहून मी उजवं-डावं करते.
खरं तर तेच विकते.
वस्तू काय, खोक्यात असतातच.

काळ्या कन्सोलचा पंखा घोंघावतो.
पांढऱ्याचा हूं की चूं नाही, पण तासाभरात असा तापतो
की लिदुविना त्याच्या पाठीवर चिपा शेकून खाते.
काळ्याचे खेळ महाग.
पांढऱ्याचे पलीकडच्या गल्लीत साध्या पाकिटात मिळतात,
हे मात्र मान खाली घालून सांगायचं.
मी स्पॅनिशमध्ये सांगते, पोर्तुगीजमध्ये सांगते,
ग्वारानीत विचारलंत
तर थोडं खरंही सांगते.

कॅमेऱ्यांचं तसं नाही.
साठ डॉलरच्या खालचे सगळे एकमेकांचे मावसभाऊ.
हा दहा मेगापिक्सेल, तो बारा,
ट्यूबलाइटखाली दोघांनाही माणूस काविळीतूनच दिसतो.
एकाचा चार्जर हरवला की त्याचं पेपरवेट होतं,
दुसरा पेन्सिल सेल पितो, आमचा मालक तेरेरे पितो तसा,
दिवसभर, न थांबता.
आणि बटण दाबल्यावर दोघेही विचार करतात.
अर्धा सेकंद.
तोवर हसणारा हसून मोकळा झालेला असतो.
"यातला चांगला कुठला?"
दगडापेक्षा वीट मऊ, मी म्हणते,
आणि वीट पुढे सरकवते.

वाल्देमीर कास्कावेलचा, बस चालवतो.
मार्चमध्ये आला तेव्हा वहीत चार रकाने आखलेले:
किंमत, वजन, वॉरंटी, वीज.
मे महिन्यात रकाने सात झाले.
काहीच घेतलं नाही त्याने. नुसते आकडे घेऊन पूल ओलांडला.
त्यांवर जकात नसते.
लिदुविना म्हणाली, हा लग्नही असंच करणार.
मी म्हटलं, झालंय त्याचं, अंगठी आहे.
मग असंच झालं असणार, ती म्हणाली.

जुलैत पोराला घेऊन आला. काउए. नऊ-दहा वर्षांचा,
पुढच्या दातात फट.
मी दोन्ही कन्सोल लावून दिले,
दोन पडद्यांवर दोन गाड्या, धूळ, टाळ्या पिटणारं पब्लिक.
तो पडद्याकडे बघेचना.
रिमोटची वायर हातात धरून म्हणाला,
"ही किती लांब?"

अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
खोक्यावर लिहिलेलं नव्हतं.
"आजोबा खाटेवरून उठत नाहीत," तो म्हणाला,
"टीव्ही दाराशी आहे."

मी वायर काउंटरवर सरळ केली, वितीने मोजली.
काळ्याची तेरा वीत.
पांढऱ्याची अकराला थोडी कमी.
पोरगा स्वतःच्या वितीने पुन्हा मोजायला लागला,
त्याची वीत लहान, आकडा भलताच निघाला,
आणि त्यालाच हसू फुटलं.
बापाने वही उघडली नाही.
नुसता चाळा म्हणून साखळीने बांधलेला
डेमोचा कॅमेरा उचलला आणि बटण दाबलं.

काळा गेला. घोंघावणारा.
पिशवी छातीशी धरून दोघं जिना चढले,
बाहेर पुलाकडे जाणाऱ्या मोटरसायकलींचा कल्ला.

संध्याकाळी शटर ओढायच्या आधी
डेमोच्या कॅमेऱ्यातले फोटो पुसायचे, हा नियम.
लोक एकमेकांचे काढतात, छताचे काढतात,
माझ्या कोपराचे तर शेकड्यांनी असतील.
शेवटचा त्या पोराचा.
हसू नाहीच त्यात. ते अर्धा सेकंद आधी होऊन गेलं.
आहे तो वायरचं टोक धरलेला हात
आणि नजर,
जिथवर वायर पोचत नव्हती, तिथे लागलेली.
रंग पिवळा. कडा थरथरलेल्या.
शंभर डॉलरच्या कॅमेऱ्याने हसूच पकडलं असतं.

नक्की पुसायचा?
हो. नाही.
माझा अंगठा दोहोंच्या मध्ये,
तेवढ्यात सेल संपले.

पेन्सिल सेलचा हा एक फायदा
कुणाच्याच वहीत नाही.